पडद्याच्या कडेनं मांडलेली नावं

प्रमिला, तू गेल्यापासून जो भेटतो तो तुला बिचारी म्हणतो. बिचारी, डोळ्यांनी अधू होती. बिचारी, तरी किती गुणाची. तुझ्या तोंडाला घाबरून असणारी माणसं आता हळहळायला लागली आहेत. मी एकदोघांना ऐकवलं, "बिचारी कोणाले म्हणता? तिच्यासमोर म्हटलं असतं का?" तर त्यांनी माझ्याकडेच पाहिलं, दुःखानं डोकं फिरलेल्या बाईकडे पाहतात तसं. माझं डोकं फिरलेलं नाही. मी संतापलेली आहे. आणि हा संताप पुरता ऐकून घेईल असं माणूस मला तुझ्याशिवाय माहीत नाही. म्हणून तुलाच सांगते, खोलीत माझ्यासमोर तांदूळ निवडत बसली आहेस असं धरून.

आपण दोघी एकाच वेळी संघात लागलो. वनोपज खरेदीचा लहानसा संघ, गडचिरोलीतली भाड्याची इमारत, आणि टायपिस्ट म्हणून दोन पदवीधर पोरी. तू कुरखेड्याच्या गुरुजींची मुलगी, मी चंद्रपूरच्या घड्याळवाल्याची. खोलीही एकच घेतली. पहिल्या आठवड्यात तू मला सांगितलंस, "माह्या डोळ्यांबद्दल एकदाच विचार, मंग पुन्हा विचारू नोको." मी विचारलं. तू म्हणालीस की नजरेच्या मधोमध धूर आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चष्म्याचा उपयोग नाही, धूर थोडा थोडा वाढत जाईल. म्हणून माणसाशी बोलताना तू त्याच्या कानापलीकडे बघायचीस. संघाच्या साहेबांना तो उर्मटपणा वाटायचा. मी त्यांना कारण सांगितलं होतं. तूही सांगितलं होतंस. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि पुढच्या वेळी पुन्हा म्हणाले, "इकडे बघून बोला."

मग कुठल्याशा योजनेतून संघाला कॉम्प्युटर मिळाला. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, खिडक्यांना जाड पडदे लावले, थंड हवेचं यंत्र बसवलं. चपला बाहेर काढायच्या. अख्ख्या इमारतीत तेवढी एकच थंड खोली, त्यामुळे उन्हाळाभर साहेबांना तिथं काही ना काही काम निघायचं. नागपूरच्या प्रशिक्षणाला आपल्या दोघींना पाठवलं, कारण टायपिंग येणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिथं बाकीचे लोक शिकवणारा सांगेल तेवढं करत होते. तू मात्र जेवणाच्या सुट्टीतही ते जाडजूड पुस्तक भिंगाखाली धरून बसायचीस. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरची ती बारीक अक्षरं तुला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. नाक काचेला लागेपर्यंत वाकायचीस, मान एका बाजूला करून वाचायचीस. मला वाटलं, हे काही तुझ्याच्यानं होणार नाही. एका दुपारी तू मला हाताला धरून ओढलंस.

"नसीम, हे पाह्य. एक हुकूम दिला का ओळीतली अक्षरं निम्मी होते. रुंद झाली ना?"

"उंच नाई झाली पण."

"रुंद झाली ना. मले तेवढं पुरते."

तू तेवढ्यावर थांबली नाहीस. गडचिरोलीला आल्यावर तू कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप वाचली जाते ती छोटी फाईल उघडलीस आणि पडदा आपल्या हातानं मांडायला घेतलास. आधी रंग. पांढरं तुझ्या डोळ्यांत घुसायचं, म्हणून काळ्यावर पिवळं केलंस. मग कामांची नावं. लिपी रोमनच होती, पण शब्द आपले होते: हिरडा, मोह, डिंक, चारोळी, आणि केंद्रांची नावं, पार सिरोंच्यापर्यंत. प्रत्येक नावापुढे एक आकडा. आकडा दाबला की ते काम उघडायचं. आणि ही सगळी नावं तू पडद्याच्या चारी कडांना मांडलीस. मधली जागा मोकळी ठेवलीस.

मी म्हटलं, "हे काय झाडलेल्या अंगणासारखं करून ठेवलं?"

तू म्हणालीस, "मी मधात पाह्यते, तेव्हा कडेचं दिसते. मधात काई ठेवलं तं ते वाया जाते. तुले वाटते अंगण रिकामं आहे. मी तिथंच उभी आहो."

मला मात्र तो पडदा सोसवेना. मला नावं एकाखाली एक, मधोमध पाहिजे होती. आणि पिवळा रंग मला कावीळ झाल्यासारखा वाटायचा, मला हिरवा हवा होता. आठवडाभर त्यावरून आपली जुंपली होती. चपात्या करताना, कपडे वाळत घालताना. शेवटी तूच तोड काढलीस. कॉम्प्युटर सुरू झाला की पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायचा: कोण? एन दाबलं की माझा हिरवा पडदा यायचा, पी दाबलं की तुझा पिवळा. मला ते इतकं आवडलं की कारण नसताना बंद करून पुन्हा सुरू करायची. उभ्या आयुष्यात कोणत्याही वस्तूनं मला विचारलं नव्हतं की तू कोण आणि तुला कसं पाहिजे. घरी रेडिओ अब्बांच्या हिशेबानं लागायचा, ऑफिसात पंखा साहेबांच्या हिशेबानं.

त्यात कोणाचं काय बिघडत होतं? हा प्रश्न मी आजही विचारते आहे, प्रमिला. तुझं काम माझ्याहून लवकर होत होतं. हिरड्याची खरेदी ऐन भरात असताना तू एकटीनं सगळ्या केंद्रांचे आकडे चढवलेस. साहेब आले, त्यांनी मागून पडदा पाहिला आणि म्हणाले, "हे मधे रिकामं का आहे? मशीन बिघडलं का?"

"नाई साहेब. मी तसं करून घेतलं. मले असं दिसते."

"कंपनीनं दिलेल्या वस्तूत आपण फेरफार करायचे नसतात."

"कंपनीनंच तशी सोय देली आहे. पुस्तकात आहे."

साहेबांना पुस्तक बघायचं नव्हतं. ते निघून गेले. पण ते मनात धरून राहिले, हे आपल्याला मुंबईचे पाहुणे येणार होते तेव्हा कळलं. योजनेचं काम कसं चाललं आहे ते बघायला पाहुणे यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी नागपूरहून दुरुस्तीवाला बोलावला. आपण दोघी तेव्हा दुसऱ्या खोलीत फायली लावत होतो. दुरुस्तीवाला आला, त्यानं तुझी फाईल पुसली, मूळची घातली, चहा प्यायला आणि गेला. ना तुला सांगितलं, ना मला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आत आले तेव्हा तू नवी साडी नेसून खुर्चीवर बसलेली होतीस. साहेब म्हणाले, "सिरोंचा केंद्राची हिरड्याची खरेदी दाखवा." तू यंत्र चालू केलंस. कोण, हे त्यानं विचारलंच नाही. पांढरी बारीक अक्षरं, मुंग्यांची रांग. मी दारात उभी होते. तुझा हात कळांवर गेला आणि थांबला. मला वाटलं, आता तू वाकशील, मान वाकडी करून कसंबसं वाचशील, पाहुणे एकमेकांकडे बघतील. तू वाकली नाहीस. तू खुर्ची मागे सारलीस, उभी राहिलीस आणि पाहुण्यांच्या कानापलीकडे बघून म्हणालीस, "हा पडदा मले दिसत नाई. परवापर्यंत दिसत होता. मी माह्या डोळ्यांपुरता करून घेतला होता. तो कोणीतरी पुसला. ज्यानं पुसला त्याले दाखवाले सांगा."

पाहुण्यांपैकी थोर दिसणारे एक गृहस्थ होते. ते काही विचारतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बरं बरं," आणि चहा कुठे आहे ते विचारलं. एवढंच. मुंबईहून इतक्या लांब येऊन त्या माणसाला एक साधा प्रश्न सुचला नाही. आकडे मग मी दाखवले. माझ्या हातून ते दाखवले गेले याची चीड मला अजून आहे.

दोन दिवसांत तुला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. हाताने लिहिलेले कागद दिवसभर वाचायचं टेबल. ज्या बाईला मधोमध धूर दिसतो तिला नेमकं तेच काम. ही शिक्षा नाही, "कामाची फेरवाटणी" आहे, असं साहेब म्हणाले. बाहेरून फ्लॉपी आणून लावायलाही बंदी केली.

तू रडली नाहीस हे सगळे सांगतात. ते खोटं आहे. खोलीवर तू रडलीस, रागानं, उशीवर मुठी मारून. आणि दर सोमवारी, शाळेच्या प्रार्थनेसारखी वेळेवर, साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहायचीस. "साहेब, माह्या पडद्याचं काय झालं?" पावसाळा आला आणि गेला. ऑफिसातले लोक कंटाळले. चपराशीसुद्धा म्हणायचा, "बाई, आता सोडा ना." अर्ज दिलास, त्याचं उत्तर आलं नाही. मी म्हटलं मीपण येते तुझ्यासंगं. तू म्हणालीस, "तू कॉम्प्युटरवर बसून राह्य. दोघीबी उठलो तं ते खोलीच बंद करतीन."

आणि मग काय झालं, तर आपल्या अकाउंटंट उराडेभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला. ताळेबंदाचे आकडे आता कॉम्प्युटरवर होते आणि भाऊंना ते वाचता येईनात. ते साहेबांकडे गेले. साहेबांनी लगेच मला बोलावलं. "त्या मुलीचं मोठ्या अक्षरांचं काहीतरी होतं ना? ते उराडेंना लावून द्या."

मी म्हटलं, "ते तिचं आहे, तिलाच बोलवा."

तू आलीस. पर्समधून तुझ्या पडद्याची नक्कल असलेली फ्लॉपी काढलीस. इतके महिने बंदी असलेली ती फ्लॉपी साहेबांच्या डोळ्यांसमोर यंत्रात गेली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. उराडेभाऊ संकोचून म्हणाले, "बाई, माह्यामुळे तुले त्रास." तू म्हणालीस, "भाऊ, तुमचा काई दोष नाई. तुमाले कोणता रंग पायजे?" त्यांना निळ्यावर पांढरा पाहिजे होता. तू त्यांची नावं मधोमध मांडून दिलीस, कारण त्यांना कडेचं धूसर दिसत होतं. दुपारच्या आत सगळं झालं. कोण, असं यंत्र पुन्हा विचारायला लागलं आणि त्यात तू तुझा पिवळा पडदाही घालून टाकलास. साहेबांनी पाहिलं आणि ते केबिनमध्ये निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून तू पुन्हा त्या खुर्चीवर बसायला लागलीस.

मी त्या संध्याकाळी जिलेबी आणली होती. तू तिला हात लावला नाहीस.

"आता काऊन फुगली?" मी विचारलं. "मिळालं ना तुले."

"मले नाई मिळालं. उराडेभाऊले मिळालं. माह्या डोळ्यांनी मांगितलं तं तो बिघाड होता, त्याइच्या डोळ्यांनी मांगितलं तं सोय झाली."

"कोणाच्या का डोळ्यांनी होईना, झालं ना? दिसून राह्यलं ना?"

"दिसून राह्यलं. पण साहेबाले म्हणाव लागन का तो चुकला."

"तो मरेपर्यंत म्हणणार नाई."

"मी विचारतच राहीन."

मी म्हटलं की असल्या हट्टापायी मिळालेलंही जाईल. अशा माणसाकडून कबुली घेऊन तुला काय करायचं, लोणचं घालायचं आहे का? तुझं म्हणणं होतं की कबुलीशिवाय मिळालेली वस्तू कोणी कधीही उचलून नेऊ शकतो. माझं म्हणणं होतं की वस्तू हातात आली की आपण ती वापरून पक्की करायची. मी तुला हेकेखोर म्हटलं, तू मला थोडक्यात खूश होणारी म्हटलंस. दसऱ्याची सुट्टी लागली. तू गुरुजींसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन तिथून घरी जाणार होतीस. बस सुटताना खिडकीतून म्हणालीस, "आल्यावर पाह्यते तुले." मीही म्हटलं, "ये ना."

कुरखेड्याला ताप आला. मेंदूचा मलेरिया. दवाखान्यात नेईपर्यंत तू कोणाला ओळखत नव्हतीस, असं म्हणतात. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्यावर काय बोलू? ज्या बाईनं अख्ख्या पावसाळ्यात एक सोमवार सोडला नाही, ती एका डासाला इतक्या लवकर शरण गेली, याचा मला राग येतो. हा राग चुकीचा आहे, मला माहीत आहे. येतो तो येतोच.

ऑफिसात शोकसभा झाली. साहेबांनी ठराव स्वतःच्या हातानं लिहिला आणि टाइप करायला मला दिला, तुझ्या घरी पाठवायचा म्हणून. सालस, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष. ते मी दात आवळून टाइप केलं. पुढचं वाक्य होतं: "त्यांचा दृष्टिदोष लक्षात घेऊन संघाने त्यांच्यासाठी संगणकावर विशेष सोय करून दिली होती."

माझी बोटं थांबली. मी कागद घेऊन केबिनमध्ये गेले.

"हे वाक्य मी टाइप करणार नाही."

"का?"

"खोटं आहे."

"ही वेळ आहे का असलं बोलायची? त्या गेल्या, बिचाऱ्या."

"साहेब, ती होती तेव्हा दर सोमवारी इथं उभी राहायची. तेव्हाही वेळ नव्हती. आता गुरुजी हे वाचतील. त्यांना वाटेल, ही सोय तुम्ही दिलीत."

साहेब म्हणाले की एवढ्यातेवढ्यावरून तमाशा करू नका, दुसऱ्याकडून टाइप करून घेता येईल. उराडेभाऊ सही घ्यायला आत आले होते. ते फायली छातीशी धरून तसेच उभे होते. मग हळूच म्हणाले, "साहेब, ते सोय माह्यासाठी झाली होती. तिच्यासाठी नाई."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिशातलं पेन काढून ते वाक्य खोडलं. "घ्या. बाकीचं टाइप करा."

"आणि त्या जागी?"

"त्या जागी काही नाही."

तर एवढंच झालं, प्रमिला. खोटं गेलं, खरं आलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस की पुन्हा आत जा. मी गेले नाही. माझ्या मतानं एका दिवसाला तेवढं बस होतं. यावर तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे.

ठराव पोस्टानं जाणार होता. मी तो मागून घेतला आणि रविवारी आरमोरीवरून कुरखेड्याच्या बसमध्ये बसले. दोन्ही बाजूंना धान कापायला आलं होतं. गुरुजींनी ठराव चष्मा लावून सावकाश वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "हे कोणाबद्दल आहे? सालस कोण?"

तुझी माय चुलीपाशी होती. तिनं पदर तोंडाला लावला. रडते आहे असं वाटून मी उठले, तर ती हसत होती. मग रडायलाही लागली.

मी त्यांना सगळं सांगितलं. पाहुणे, आवक-जावक, सोमवार, उराडेभाऊंचा मोतीबिंदू. तू घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतंस, नुसतं "काम बरं चालू आहे" म्हणायचीस. संपल्यावर गुरुजी म्हणाले, "मंग तिनं साहेबाले सोडलं का शेवटी?"

"नाई सोडलं, गुरुजी. माझ्याशी त्यावरूनच भांडण झालं. मी म्हणत होते, आता मिळालं, तर सोड."

"ते बरोबर नाई," गुरुजी म्हणाले. "माणूस चुकला तं त्यानं चुकलो म्हणाव. पोरगी काय भीक मागाले गेली होती?"

मी गप्प बसणार होते. त्या घरात, त्या दिवसांत, मी काय वाद घालणार? पण माय चुलीपाशी बसूनच म्हणाली, "चुकलो म्हणून काय होते? पोरीले दिसाले लागलं, झालं. या नसीमचं बरोबर आहे."

"तुले काय समजते?"

"मले समजते. सारी जिंदगी तुमी लोकाले चुकलो म्हणा, चुकलो म्हणा करत आले. कोणी म्हटलं काय? तिलेबी तेच शिकवलं."

"शिकवलं म्हणून तं ते उभी राह्यली पाहुण्यासमोर."

"उभी राह्यली अन् टेबल गेलं तिचं."

मग मीही बोलले. मायच्या बाजूनं, माझ्या बाजूनं. गुरुजींनी मला तुझ्यासारखंच अर्ध्यावर तोडलं. पोटात भूक आहे हे मला तेव्हा कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी ताट भरून जेवले, आणि जेवताना बोलत राहिले. गुरुजी मागे हटेनात, माय मागे हटेना. आवाज वाढला असावा, कारण शेजारची बाई काळजीनं दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "काय झालं हो, गुरुजी?"

मायनं मला आणखी भात वाढला आणि वर न बघता तिला सांगितलं, "काई नाई. आमच्या प्रमिलाचं चालू आहे."